फोटोतलं पांढरं आभाळ बदलायचंय? आधी उजेड बघा

भाऊ, तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू दोन वर्षांपासून लग्नाचं आणि प्री-वेडिंगचं काम करायलास. मे महिन्यात नळदुर्गच्या किल्ल्यात दुपारी तीन ते साडेपाच शूट केलंस, घरी येऊन बघतो तर सगळ्या फोटोत आभाळ पांढरं फटक. मग एका क्लिकमधे काही फोटोंना निळं, काहींना केशरी, दोनतीनला काळ्या ढगांचं आभाळ टाकलंस आणि नवरीकडच्यांनी "चिटकवल्यासारखं दिसायलंय" म्हणून अल्बम थांबवला. आता विचारलंस की काका, असं कोणतं सॉफ्टवेअर आहे ज्यानं आभाळ खरं वाटंल, लॅपटॉप 8 जीबी रॅमचा आहे.

सॉफ्टवेअरचं सांगतो, पण ते नंतर, कारण तुझी अडचण सॉफ्टवेअरची नाहीच. तू पाठवलेले पाच नमुने मी मोठे करून बघितले, कटिंग तसं बरं झालंय, डोक्याच्या केसांपाशी थोडी पांढरी कड सोडली तर. तरी फोटो खोटा वाटतो. कामून? कारण आभाळ म्हणजे मागं लावायचा पडदा नाही. स्टुडिओत मागं पडदा बदलला तरी माणसावरचा उजेड बदलत नाही, उजेड लाईटमधून येतो. बाहेर उघड्यावर मात्र आभाळ हाच लाईट आहे. तू लाईट बदललास आणि माणसं जुन्याच उजेडात उभी ठेवलीस. बघणाऱ्याला हे शब्दात सांगता येत नाही, पण डोळ्याला कळतं.

मला हे एका म्हाताऱ्या माणसानं शिकवलं. डिजिटल नवीन आलं तेव्हाची गोष्ट, मी अंबाजोगाईकडच्या एका लग्नाचा अल्बम घेऊन गेलो होतो, वरातीच्या फोटोंमधे मोठ्या हौशीनं कापसासारखे पांढरे ढग आणि गडद निळं आभाळ टाकलं होतं, मला स्वतःला लई आवडलं होतं ते. नवरदेवाच्या आजोबांनी चष्मा लावून फोटो बघितला आणि शांतपणे म्हणले, "लेका, हे तर भादव्यातलं आभाळ हाय, लग्न तर वैशाखात झालं." मी काही बोललोच नाही. आपल्याकडची माणसं आयुष्यभर आभाळाकडं बघत शेती करतात, मृगाचं आभाळ कसं, वळवाचं कसं, हस्ताचं कसं हे त्यांना सांगावं लागत नाही. मुंबईपुण्याच्या गिऱ्हाइकाला फसवशील एखाद्या वेळेस, मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला आभाळात फसवता येत नाही. तेव्हापासून मी आभाळ बदलायच्या आधी चार गोष्टी बघतो आणि त्या जुळत नसतील तर बदलत नाही.

पहिली गोष्ट सावली. तुझ्या त्या केशरी फोटोत सूर्य क्षितिजाला टेकलेला आहे आणि नवरदेवाची सावली त्याच्या उंचीपेक्षाही कमी आहे, म्हणजे सूर्य चांगलाच वर होता. सूर्य बुडायला आला की सावली माणसाच्या कितीतरी पट लांब जाते, आणि जाते ती सूर्याच्या उलट दिशेला. तुझ्या फोटोत सूर्य मागं डावीकडं आहे आणि सावलीही डावीकडंच पडलीय. दुसरं, सूर्य मागं असल्यावर चेहरा अंधारात जायला पाहिजे आणि केसांना, खांद्याला उजेडाची कड यायला पाहिजे, इथं तर चेहऱ्यावर समोरून झळझळीत ऊन आहे. हे नुसतं आभाळ बदलून दुरुस्त होत नाही.

आता उलट बाजूनं विचार कर. ज्या फोटोत सावलीच नाही, सगळीकडं सपाट उजेड आहे, तिथं खरंच मळभ होतं किंवा माणसं भिंतीच्या सावलीत उभी होती. मळभ असेल तर त्या फोटोला कडक ऊन आणि निळं आभाळ शोभत नाही, त्याला मळभाचंच आभाळ पाहिजे, फक्त जरा पोत असलेलं, करड्या ढगांचे थर दिसतील असं. हे लोक करत नाहीत कारण त्यांना आभाळ बदलायचं म्हणजे निळंच करायचं असतं. माझ्या कामात पांढऱ्या आभाळाच्या जागी मी निम्म्यापेक्षा जास्त वेळा फिकट करडं आभाळच टाकतो आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाला ते टाकलेलं आहे हे कळलं नाही.

दुसरी गोष्ट दिशा, आणि यात आपल्या भागातले फोटोग्राफर सगळ्यात जास्त चुकतात. संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचंच घे. मुख्य दरवाजा दक्षिणेला आहे, म्हणजे दरवाजातून आत येऊन, कारंज्यांच्या रांगेवरून सरळ मकबऱ्याचा फोटो काढताना तुझं तोंड उत्तरेला असतं. आपल्याकडं सूर्य जून महिन्यात जास्तीत जास्त उत्तरेला सरकतो तेव्हासुद्धा पश्चिमेपासून सुमारे 25 अंश उत्तरेकडं मावळतो, त्याच्या पुढं जात नाही. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 24 एमएमची रुंद लेन्स लावून उत्तरेला तोंड केलंस तरी तो फ्रेममधे येत नाही. आणि तरी घुमटाच्या बरोब्बर मागं मावळता सूर्य असलेले मकबऱ्याचे फोटो प्री-वेडिंगवाल्यांनी किती बनवलेत बघ. वेरूळचं कैलास लेणं पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे समोरून फोटो काढताना तू पूर्वेकडं बघत असतोस, सूर्यास्त तुझ्या पाठीमागं होतो आणि त्याचं ऊन दगडावर पडतं. तिथं खरी गंमत त्या सोनेरी झालेल्या दगडात आहे, मागं केशरी आभाळ टाकून ती मारून टाकायची नाही.

दिशा कळायला अवघड काही नाही. मोबाईलमधे कंपास असतो, शूटच्या जागी गेलास की एकदा बघून ठेव, फोटोच्या फाईलमधे वेळ असतेच. वेळ आणि दिशा कळली की त्या वेळी आभाळ तिकडं कसं असेल हे ठरवता येतं. सूर्याच्या बाजूचं आभाळ फिकट आणि झगझगीत असतं, सूर्य पाठीमागं असताना समोरचं आभाळ जास्त निळं दिसतं. म्हणून चेहऱ्यावर समोरून ऊन असलेल्या फोटोला निळं आभाळ चालतं आणि सूर्य मागं असलेल्या फोटोला फिकट पिवळसर पांढरं. इंद्रधनुष्य टाकायचा मोह कुणाला होत असेल तर ते नेहमी सूर्याच्या बरोबर उलट बाजूला पडतं, सूर्य आणि इंद्रधनुष्य एका फ्रेममधे येतच नाहीत. पौर्णिमेच्या चंद्राचंही तेच, तो उगवतो तेव्हा सूर्य समोरच्या बाजूला मावळत असतो. आणि चंद्र टाकणारे तो थाळीएवढा टाकतात. खरा चंद्र आभाळात अर्धा अंशच असतो, फुलफ्रेमवर 24 एमएमनं काढलेल्या 6000 पिक्सेल रुंद फोटोत तो जेमतेम 36 पिक्सेलचा येतो. मोठा चंद्र पाहिजे तर लांबून टेलीलेन्सनं फोटो काढावा लागतो, मग किल्लाही तेवढाच जवळ आलेला दिसतो आणि सगळं जुळतं.

तिसरी गोष्ट ऋतू, ती आजोबांच्या गोष्टीत आलीच. तुझ्या काळ्या ढगांच्या फोटोंचं एवढंच सांगतो की मागं नळदुर्ग किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्याची भिंत दिसतेय आणि ती कोरडी ठणठणीत आहे. ते धबधबे बोरी नदीला पावसाळ्यात भरपूर पाणी आलं तरच पडतात हे आपल्याकडं शाळेच्या सहलीला गेलेल्या पोरालाही माहीत असतं. गवत वाळलेलं, मातीला भेगा, भिंत कोरडी आणि वर श्रावणाचे ढग, नाही जुळत. वळवाचं आभाळ मात्र मे महिन्यात चालतं. एका बाजूला काळंनिळं उठलेलं आणि दुसऱ्या बाजूनं ऊन, खालची जमीन कोरडीच. तसलं तुझ्याकडं असेल तर ज्या दोन फोटोंत ऊन बाजूनं पडलंय त्यांना लावून बघ.

चौथी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, उजेडाचं प्रमाण. उघड्यावर दिवसा आभाळ हे जवळजवळ नेहमीच जमिनीवरच्या वस्तूंपेक्षा जास्त उजळ असतं. म्हणून तर कॅमेऱ्याला ते झेपत नाही, आपण चेहऱ्यावर एक्सपोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) धरतो आणि आभाळ जळून पांढरं होतं. आणि आपण टाकतो ते आभाळ कुणीतरी आभाळासाठीच एक्सपोजर धरून काढलेलं असतं, गडद, भरलेलं. ते गडद आभाळ उजळ माणसामागं ठेवलं की झालं चिटकवल्यासारखं. टाकलेलं आभाळ आधी तुला आवडेल तेवढं ठेव, मग त्याचा ब्राइटनेस वाढव, परत वाढव, "आता जास्तच फिकट झालं" असं वाटंल तिथं थांब. बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. क्षितिजापाशी तर अजून फिकट पाहिजे, कारण आपल्याकडं उन्हाळ्यात हवेत धूळ असते, लांबच्या बालाघाटाच्या डोंगररांगा फिक्या निळसर राखाडी दिसतात, आणि त्यांच्यावर एकदम स्वच्छ निळं आभाळ टेकलेलं असू शकत नाही. मी काय करतो, त्या लांबच्या डोंगराच्या धुरकट रंगाचा आयड्रॉपरनं नमुना घेतो आणि नव्या आभाळाच्या खालच्या भागावर त्या रंगाचा ग्रेडियंट (हळूहळू फिका होत जाणारा रंग) मारतो, 20 ते 40 टक्के ओपॅसिटीवर, म्हणजे तेवढाच दाट. एवढ्या एका गोष्टीनं निम्मा खोटेपणा जातो, करून बघ.

आता तुझ्या सॉफ्टवेअरच्या प्रश्नाकडं येतो. फोटोशॉपमधे स्काय रिप्लेसमेंट 2020 च्या ऑक्टोबरमधे आलं, त्याच्या आधी ल्युमिनार नावाच्या सॉफ्टवेअरनं ते एका क्लिकवर आणलं होतं, लाईटरूममधे आभाळ आपोआप सिलेक्ट होतं पण बदलता येत नाही, फक्त गडद-फिकट-रंग करता येतो. हे सगळे आभाळ ओळखायला हुशार आहेत. पण सावली कुठं पडलीय, कॅमेऱ्याचं तोंड कुठं होतं, महिना कोणता हे बघणं अजूनही आपल्यालाच करावं लागतं. फोटोशॉप असेल तर तेच वापर, फक्त आउटपुट न्यू लेयर्सवर ठेव म्हणजे आभाळ, त्याचा मास्क (कुठं दिसावं आणि कुठं झाकावं ते ठरवणारा काळा-पांढरा थर), खालच्या फोटोवरचा रंग हे सगळं वेगवेगळं मिळतं आणि नंतर हातानं नीट करता येतं. फोरग्राउंडच्या रंगाची जी पट्टी आहे ती तू शून्यावर ठेवलेली दिसतेय, तिथंच माणसांवर नव्या आभाळाचा रंग चढतो, थोडी तरी दे. स्केल आणि फ्लिपही तिथंच आहे, पण फ्लिप करताना ध्यानात ठेव की ढगांवर ज्या बाजूनं ऊन पडलंय तीही बाजू बदलते.

फोटोशॉप परवडत नसेल तर जिंप फुकट आहे आणि फोटोपी ब्राउझरमधे चालतं, 8 जीबीवर एका वेळी एक फोटो घेऊन दोन्हीत काम होतं, बाकीचे प्रोग्रॅम बंद कर फक्त. मोबाईलवरच्या ॲपमधे केलेलं स्टेटसला ठीक आहे, पण 12 बाय 36 इंचाच्या करिझ्मा अल्बमच्या शीटवर त्याच्या कडा उघड्या पडतात.

क्लिकच्या आधीच्या जमान्यातली एक रीत सांगतो, मी अजून तीच जास्त वापरतो आणि नळदुर्गच्या फोटोंना ती अगदी चपखल बसंल. जुनं आभाळ पांढरं आहे ना, मग नवीन आभाळ वरच्या लेयरवर ठेव आणि ब्लेंड मोड मल्टिप्लाय कर. मल्टिप्लायमधे पांढऱ्यावर जे ठेवशील ते जसंच्या तसं दिसतं आणि काळ्यावर ठेवलं तर काळंच राहतं. नळदुर्गची भिंत काळ्या दगडाची, बाभळीच्या काड्या काळपट, केस काळे, सगळ्या बारीक कडा आपोआप जुळतात, एकेक काडी कापत बसायचं काम नाही. मग लेयरला मास्क लावायचा आणि माणसांच्या अंगावर, भिंतीवर जिथं ढग चढलेत तिथं मोठ्या मऊ ब्रशनं काळं फिरवायचं, कडेच्या जरा आत थांबायचं. कडेपाशी मल्टिप्लायलाच काम करू द्यायचं. आभाळ पूर्ण पांढरं नसून जरासं राखाडी असेल तर नवीन आभाळ थोडं गडद होतं, तेवढं उजळ करून घ्यायचं.

ही रीत मकबऱ्यावर चालत नाही. तिथं घुमट संगमरवराचा आणि बाकीचं बरंचसं पांढऱ्या गिलाव्याचं, पांढऱ्यावर पांढरं, मल्टिप्लाय केलं की ढग घुमटावरून फिरायला लागतात. तिथं पेन टूलनं घुमट आणि मिनार कापावेच लागतात, पण ते सोपं आहे कारण कडा सरळ आणि स्वच्छ आहेत. झाडं असतील तर ब्लू चॅनेलचा (फोटोतल्या फक्त निळ्या रंगाच्या थराचा) मास्क करायचा: चॅनेलमधे जाऊन ब्लूची कॉपी काढायची, कारण आभाळ निळ्या चॅनेलमधे सगळ्यात उजळ आणि पानं सगळ्यात काळी असतात, मग लेव्हल्स ओढून आभाळ पूर्ण पांढरं आणि झाड पूर्ण काळं करायचं, राहिलेलं ब्रश ओव्हरलेवर ठेवून साफ करायचं, आणि तेच सिलेक्शन म्हणून उचलायचं. लिंबाच्या झाडाची बारीक पानंसुद्धा यात नीट निघतात.

केसांची आणि ओढणीची कड. केसांभोवती जी पांढरी रेघ राहिलीय ती जुन्या आभाळाचा उजेड आहे, तो केसांच्या कडांमधे मिसळलेला असतो. मास्क एकदोन पिक्सेल आत-बाहेर सरकवून बघ, नाही गेली तर क्लोन स्टँप डार्कन मोडवर ठेवून आतल्या केसांचा रंग कडेवर हलकासा फिरव, डार्कनमुळं तो फक्त पांढऱ्या रेघेवरच बसतो. पण एक सांगतो, ती रेघ पूर्ण पुसू नको. मागून उजेड असला की केसांवर थोडी कड येतेच. आणि नवरीची नेटची ओढणी आरपार दिसते, तिच्यातून मागचं पांढरं आभाळ दिसत राहिलं आणि आजूबाजूला निळं झालं तर लगेच पकडलं जातं. तिथं मास्क पूर्ण काळा-पांढरा नको, ओढणीवर करडा पाहिजे, म्हणजे नवीन आभाळ अर्धं झिरपंल. हे हातानंच होतं आणि वेळ लागतो, एका फोटोला मला कधीकधी 40 मिनिटं लागलीत. म्हणून ओढणी उडणारा फोटो असेल तर मी आधी विचार करतो की इथं आभाळ बदलायचंच का.

नवरदेवाच्या गॉगलमधे बघितलंस का? दोन्ही काचांत पांढरं आभाळ तसंच आहे. गाडीच्या बॉनेटवर, नथीच्या मोत्यावर, सगळीकडं आभाळ असतं. नथ सोड, गॉगलमधलं मात्र बदल.

पाण्याचे जे दोन फोटो आहेत त्यांत पाणी पांढरंच राहिलंय आणि वर आभाळ केशरी, ते तर लहान पोरगंही सांगंल. आभाळाची कॉपी उलटी करून पाण्यावर ठेव, पण उलटी कुठून करायची ते नीट ऐक. किल्ल्याच्या भिंतीचं प्रतिबिंब भिंतीच्या पायथ्यापासून उलटं होतं, आभाळ मात्र क्षितिजाच्या रेषेपासून उलटं होतं, क्षितिज भिंतीमागं लपलेलं असलं तरी. बहुतेक जण दोन्ही एकाच रेषेवर उलटतात आणि ढग चुकीच्या जागी येतात. मग ते प्रतिबिंब खऱ्या आभाळापेक्षा गडद कर, उभ्या दिशेनं थोडं ब्लर कर, आणि तुझ्या पायाजवळच्या पाण्यात फिकं होत जाऊ दे, कारण जवळच्या पाण्यात आपण वरून बघतो आणि तिथं तळ, गाळ जास्त दिसतो, लांबच्या पाण्यात आभाळ जास्त दिसतं.

अजून दोन छोट्या गोष्टी. तू 85 एमएमनं एफ 1.8 वर काढलेल्या फोटोत मागची भिंत पूर्ण ब्लर आहे आणि ढग मात्र कापलेल्या कागदासारखे शार्प, आभाळालाही तेवढा ब्लर दे. आणि आभाळ फार गुळगुळीत असलं की छापताना त्यात पट्टे पडतात, म्हणून 16 बिटमधे काम कर आणि शेवटी आभाळावर एकदोन टक्के नॉइज टाक, म्हणजे खालच्या फोटोच्या दाण्याशीही ते जुळतं.

आभाळं कुठून आणायची? सॉफ्टवेअरबरोबर आलेली वापरू नको, ती सगळ्यांकडं आहेत, एकाच गावात तीन अल्बममधे तोच ढग मी स्वतः बघितलाय. नेटवरून घेतलेलं 1920 पिक्सेलचं आभाळ 6000 पिक्सेलच्या फोटोवर ताणलं की लोण्यासारखं होतं, वर ते कुणाच्या तरी मालकीचं असतं ते वेगळंच. एआयनं तयार केलेलं आभाळ दिसतं छान, पण ते कोणत्या दिशेचं आणि कोणत्या महिन्याचं हे तुला सांगता येत नाही, मग जुळवणार कसं. स्वतःचं जमव. माझ्याकडं आता दोन हजारांच्या वर आभाळं आहेत, सगळी लातूर, बीड, नांदेड, धाराशिवकडची. गच्चीवर जायचं, शूटला जाताना गाडी थांबवायची, क्षितिज फ्रेममधे खाली थोडं येऊ द्यायचं, रॉमधे (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमधे) काढायचं, एकदा 24 वर आणि एकदा 50 वर, कारण वाइडनं काढलेले ढग क्षितिजाकडं लहान लहान होत जातात आणि ते 85 च्या फोटोमागं बसत नाहीत. फाईलला नाव देताना महिना, वेळ, तोंड कुठल्या दिशेला आणि सूर्य कोणत्या बाजूला एवढं लिही, "मे-साडेपाच-उत्तर-सूर्यडावीकडं" असं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस उघडला की आपल्याकडं आभाळ धुतल्यासारखं होतं, तेव्हा लई काढून घ्यावंसं वाटतं, काढावंच, पण लग्नं एप्रिल-मे मधे असतात, म्हणून कामाला येतं ते उन्हाळ्यातलं साधं फिकट आभाळ, ते काढायचा कंटाळा करू नको.

आणि शूटच्या जागीच जमत असेल तर सगळ्यात उत्तम. चेहऱ्यावर एक्सपोजर धरून फोटो झाला की कॅमेरा न हलवता दोन स्टॉप खाली (म्हणजे पाव उजेडात) अजून एक घे, बऱ्याच वेळा त्यात त्याच जागेचं, त्याच वेळेचं खरं आभाळ मिळतं. ते टाकलं तर दिशा, ऋतू, उजेड काहीच जुळवावं लागत नाही. रॉमधे असेल तर आधी हायलाइट्स खाली ओढून बघ, पांढरं दिसणारं आभाळ कधीकधी पूर्ण गेलेलं नसतं. मे महिन्यात दुपारी तीनला मात्र पांढरंच असतं ते, पुढच्या वेळी पाचच्या आधी सुरुवातच करू नको.

आभाळ बदलणं म्हणजे फसवणूक असं काही जण म्हणतात, त्यांना एवढंच सांगीन की हे फोटोग्राफीइतकंच जुनं काम आहे. फ्रान्समधे गुस्ताव्ह ल ग्रे यानं 1850 च्या दशकात समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी अशा जोडून फोटो छापले, कारण त्या वेळच्या काचेच्या प्लेटांना निळा उजेड इतका झोंबायचा की आभाळ जळून जायचं. त्याची अडचण तीच होती जी तुझी आहे. मी प्री-वेडिंगला आभाळ बदलतो आणि गिऱ्हाइकाला आधी सांगतो. लग्नाच्या विधींच्या फोटोंना हात लावत नाही, अक्षता पडल्या तेव्हा जसं आभाळ होतं तसंच त्या घराकडं राहिलं पाहिजे. आणि बातमीचा फोटो, गारपिटीचा, दुष्काळाचा, पीकविम्याचा किंवा पंचनाम्याचा फोटो असेल तर त्यातला एक ढगसुद्धा हलवायचा नाही, भाऊ. तिथं आभाळ हा पुरावा असतो, त्याच्यावर कुणाचं तरी वर्ष अवलंबून असतं. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धांमधेही फोटोत काही घालणं किंवा काढणं चालत नाही.

आता तुझ्या अल्बमचं. केशरी आभाळ सगळ्या फोटोंवरून काढून टाक, एकही वाचवता येणार नाही. काळ्या ढगांचे ते दोनतीनही सोड. साडेतीनच्या आधीचे जे फोटो आहेत त्यांना आभाळ टाकूच नको, वरून खाली उतरता फिकट निळसर राखाडी ग्रेडियंट 15-20 टक्क्यांवर मार, पांढरं फटकपण जाईल आणि उन्हाळ्यातलं ते खरंच असतं. पाचनंतरच्या फोटोंत ऊन बाजूनं आणि थोडं पिवळं आहे, त्यांना पातळ ढगांचं फिकट आभाळ मल्टिप्लायनं बसव, आणि एकच आभाळ सगळ्यांना नको, तोंड ज्या दिशेला त्या दिशेचं. पाण्याच्या दोनपैकी एक निवड आणि त्याच्यावर एक अख्खी संध्याकाळ घाल, तो शीटवर मोठा लागंल. झालं की नवरीच्या घरी जाताना एडिट न केलेले मूळ फोटोही पेनड्राइव्हमधे घेऊन जा आणि दोन्ही शेजारी लावून दाखव, काय बदललंय ते तूच सांग. तुझ्याकडं मे महिन्याची आभाळं नसतील तर कळव, माझ्या फोल्डरमधली पाचसहा पाठवतो, उत्तर आणि पश्चिम दोन्हीकडची आहेत.